आगमनकाळात बायबल कसं वाचायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर अर्धा सरला की माझ्याकडे तेच तेच प्रश्न यायला लागतात, मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर गेटपाशी, कॅटेकिझमच्या म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, फोनवर, एकदा तर भाजीवाल्याकडे रांगेत उभी असताना. माझं माहेर नगरकडचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक आणि संसार बोरिवलीत, त्यामुळे दोन्हीकडचे लोक विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. जिथं दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत तिथं तसं सांगितलंय. तुमच्या फादरांनी किंवा पाळकांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

१. आगमनकाळ म्हणजे नक्की काय? नाताळची तयारी म्हणजेच आगमनकाळ ना?

नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस म्हणजे आगमनकाळ, ज्याला आपण बोलताना अ‍ॅडव्हेंट म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ येणं. ख्रिस्त बेथलेहेमात येऊन गेला ते एक येणं, आणि शेवटी पुन्हा येणार आहे ते दुसरं. बाराव्या शतकातले संत बर्नार्ड मधलं एक तिसरं येणंही सांगतात, आज, आत्ता, आपल्या मनात गुपचूप होणारं. बायबल वाचायचं ते मुख्यतः या तिसऱ्यासाठी. फराळ, कपडे, घराचा रंग हीसुद्धा तयारीच आहे, मी तिला कमी लेखत नाही, पण ती हाताची तयारी झाली, ही कानाची. चर्चमध्येही फरक दिसतो बघा, वस्त्रं जांभळी असतात आणि कॅथलिक मिस्सात रविवारी ग्लोरिया म्हणत नाहीत, देवदूतांचं ते गाणं नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात.

२. सुरू कधी होतो? दरवर्षी तारीख का बदलते?

२५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार उलटे मोजा, चौथा येईल तो पहिला दिवस. म्हणजे सुरुवात लवकरात लवकर २७ नोव्हेंबरला आणि उशिरात उशिरा ३ डिसेंबरला. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबर, २०२८ मध्ये ३ डिसेंबर. त्यामुळे काळ कधी २२ दिवसांचा असतो तर कधी २८, आणि '२४ दिवसांचं कॅलेंडर' दरवेळी जुळतंच असं नाही. उपासनेचं नवं वर्षही याच रविवारी सुरू होतं. रविवारच्या शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या जीवनकथेच्या वाचनाचं, तीन वर्षांचं चक्र असतं, एका वर्षी मत्तय, मग मार्क, मग लूक. २०२६ च्या आगमनकाळापासून मार्कचं वर्ष.

३. बायबलमध्ये आगमनकाळ हा शब्दच नाही, मग पाळायचा कशाला?

हे माहेरकडचे लोक विचारतात आणि प्रामाणिकपणे विचारतात. शब्द नाही हे खरं. २५ डिसेंबरची तारीखही बायबलात नाही. पण वाट बघणं पानापानावर आहे. लूक २:२५-३८ वाचा, म्हातारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना, दोघांनी आयुष्य वाट बघण्यात घालवलं आणि बाळ मंदिरात आलं तेव्हा त्यांना ओळख पटली, बाकी एवढ्या गर्दीत कुणालाच नाही. प्रकटीकरणाच्या अगदी शेवटी, २२:२० मध्ये, बायबल मिटता मिटता प्रार्थना कुठली आहे तर 'ये, प्रभू येशू, ये'. आगमनकाळ म्हणजे ही एक ओळ चार आठवडे म्हणत राहणं. सक्ती म्हणून नका पाळू, पण या ओळीला वर्षातून थोडी जागा दिली तर त्यात शास्त्राच्या विरुद्ध काय आहे ते मला तरी दिसत नाही.

४. मी आजवर बायबल सलग वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

थोडक्यापासून. लोक पहिल्या दिवशी पाच अध्याय वाचतात आणि चौथ्या दिवशी बंद करतात. रोज दहा-बारा वचनं पुष्कळ झाली. माझा क्रम असा असतो: पहिल्या आठवड्यात यशया २:१-५ आणि यशया ११:१-१०, हेच दोन उतारे आलटून पालटून. दुसऱ्या आठवड्यात यशया ४०:१-११ आणि सोबत मार्क १:१-८, म्हणजे संदेष्टा जे बोलला तेच अरण्यात बाप्तिस्मा करणारा योहान कसं बोलतो ते शेजारी शेजारी दिसतं. तिसऱ्या आठवड्यात यशया ३५, लूक ३:१०-१८ आणि फिलिप्पैकरांस पत्र ४:४-७. मग १७ डिसेंबरपासून तारखेप्रमाणे, ते प्रश्न १२ मध्ये दिलंय. तोच उतारा तीन दिवस वाचला तर कंटाळा येईल असं वाटतं ना, पण दुसऱ्या दिवशी काल न दिसलेला शब्द दिसतो. यशया ११ मध्ये लांडगा कोकराजवळ राहील हे मला कायम आठवायचं, पण त्याच्याही आधी, तिसऱ्या वचनात, तो डोळ्यांना दिसेल त्यावरून न्याय करणार नाही असं आहे, ते मी इतकी वर्षं वाचून एका वर्षी पहिल्यांदा वाचलं, आणि त्या आठवड्यात मी एका बाईबद्दल जे बोलले होते ते आठवून मला रात्री झोप लागेना.

५. लूकचे २४ अध्याय, १ ते २४ डिसेंबर रोज एक, असा प्लॅन सगळीकडे फिरतो. चांगला आहे का?

वाईट नाही. अख्खं शुभवर्तमान एका महिन्यात वाचून होतं, आयुष्यात एकदा जरूर करा. पण आगमनकाळासाठी मला तो मनापासून पटत नाही. २ तारखेलाच येशूचा जन्म होऊन जातो, २३ तारखेला आपण क्रूसापाशी असतो आणि २४ ला पुनरुत्थान, म्हणजे अवतीभवती नाताळ आणि हातात ईस्टर. त्यात पहिलाच अध्याय ८० वचनांचा, डब्याची घाई असलेली बाई पहिल्याच दिवशी मागं पडते. वाट बघायला शिकवतात ते जुन्या करारातले संदेष्टे, आणि या प्लॅनमध्ये नेमके तेच राहून जातात. करायचाच असेल तर जानेवारीत करा.

६. 'वाचा आणि मनन करा' असं सगळे सांगतात, पण म्हणजे बसून नक्की करायचं काय?

चर्चची जुनी पद्धत आहे, लेक्सिओ दिविना. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासी धर्मगुरूंनी तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. घरात करताना मी हे असं करते. उतारा एकदा मोठ्यानं वाचायचा, कुजबुजत नाही, स्वतःला ऐकू येईल असा. मग परत एकदा हळू. एखादा शब्द अडकतो. तिथंच थांबायचं, पुढं जायचं नाही, तो शब्द घेऊन दोन-तीन मिनिटं बसायचं, आज हा मलाच का टोचला, माझ्या घरातलं कोण आठवलं. मग त्याच शब्दावरून देवाशी बोलायचं, आपल्या भाषेत. आणि शेवटी गप्प. गप्प बसणं सगळ्यात कठीण आहे, कुकरची शिट्टी होते, मेसेज येतो, होऊ दे.

संत ऑगस्टीनचं उदाहरण मी नेहमी देते. ३८६ साली मिलानच्या एका बागेत रडत बसलेले असताना त्यांनी पौलाचं पत्र उघडलं, रोमकरांस १३:१३-१४, दोन वचनं वाचली आणि पुस्तक मिटलं, पुढं वाचायची इच्छा नव्हती आणि गरजही नव्हती असं ते स्वतः सांगतात. त्या दोन वचनांनी त्यांचं आयुष्य फिरलं. मत्तयाच्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी दुसरं वाचन म्हणून हाच उतारा असतो.

७. सकाळी ६.४० ची लोकल, रात्री घरी ९. ट्रेनमध्ये वाचलेलं चालतं का?

चालतं. पण खरं सांगू का, गर्दीत उभं राहून नवीन उतारा डोक्यात शिरत नाही, नजर ओळींवरून नुसती घसरत जाते. त्यापेक्षा आदल्या रात्री झोपण्यापूर्वी तो एकदा वाचा, एकच ओळ निवडा आणि सकाळी ट्रेनमध्ये फक्त ती ओळ म्हणा. श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी. मी बरीच वर्षं बोरिवली ते चर्चगेट लेडीज डब्यात असंच केलं, एका हाताला वरचा हँडल, दुसऱ्या हाताला बॅग, पुस्तक धरायला तिसरा हात कुठून आणणार. कांदिवली ते दादर 'अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे' एवढंच, यशया ९:२. इयरफोन असतील तर ऑडिओ बायबलही चांगलं, यशया मुळात लोकांसमोर बोलला, लोकांनी तो कानांनी ऐकला.

८. मराठी बायबल कुठलं घ्यावं? आणि मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांचं काय?

बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र सगळीकडे मिळतं, त्यात ६६ पुस्तकं आहेत. कॅथलिक बायबलात ७३, त्यामुळे कॅथलिकांनी रविवारची सगळी वाचनं शोधायची तर कॅथलिक आवृत्ती जवळ असावी. मोबाईलवर वाचा की कागदावर, माझा आग्रह नाही, फक्त मोबाईल असेल तर तेवढा वेळ नेट बंद ठेवा.

मराठीचा मात्र माझा आग्रह आहे. मुंबईत आपल्यापैकी कितीतरी जण मिस्सा इंग्रजीत ऐकतात आणि घरी आजीसोबत जपमाळ मराठीत म्हणतात. इंग्रजीतलं वचन समजतं, मराठीतलं लागतं. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यात घातली, म्हणजे लोकांनी आपल्यासाठी एवढं करून ठेवलंय. मुलांना वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, त्यांनी ऐकावं. ऐकलेली मराठी त्यांना येतेच.

९. पहिल्याच रविवारी जगाच्या अंताचं भीतीदायक वाचन का असतं? मला बाळ येशू पाहिजे.

कारण प्रश्न १ मधलं दुसरं येणं. चर्च शेवटापासून सुरू करतं आणि मागं येत येत गोठ्यापर्यंत पोचतं. साधारण १६ डिसेंबरपर्यंत वाचनांचा रोख ख्रिस्त पुन्हा येण्याकडे जास्त असतो आणि नंतर जन्माकडे वळतो. घाबरवणं हा हेतूच नाही. मार्क १३:३३-३७ नीट वाचा, घरमालक परगावी जाताना द्वारपाळाला जागं राहायला सांगतो, कारण तो संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी, माहीत नाही. आमच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका रात्री दोनला प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून असतात, पण रिक्षा वळणावर आली की उठून गेटच्या कडीला हात घालतात, कोणाची रिक्षा ते त्यांना आवाजावरून कळतं. जागं राहणं म्हणजे ते. आपलंच माणूस येणार आहे, चोर नव्हे, म्हणून जागं राहायचं.

१०. यशया आणि इशाय एकच का? 'इशायाचा बुंधा' म्हणजे काय?

दोन वेगळी माणसं, आणि हा गोंधळ मराठीत दरवर्षी होतो, चर्चमधल्या वाचनाच्या स्टँडवरून वाचतानासुद्धा. यशया हा संदेष्टा, ज्याचं ६६ अध्यायांचं पुस्तक आहे. इशाय हा दावीद राजाचा बाप, बेथलेहेमचा. यशया ११:१ मध्ये यशया इशायाबद्दल बोलतो, की तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल. दाविदाचं घराणं म्हणजे छाटून टाकलेलं झाड, संपलं असं सगळ्यांना वाटलेलं, आणि त्यातूनच कोंब. पावसाळ्याआधी आपल्याकडे रस्त्याकडेची झाडं छाटतात आणि काही आठवड्यांत त्या ओंडक्याच्या सालीतून लालसर पानं बाहेर येतात, मी कॅटेकिझमच्या मुलांना तेच दाखवायला खाली घेऊन जाते. मुलांसाठी 'इशायाचं झाड' करता येतं, एक सुकी फांदी कुंडीत आणि रोज एक कागदी चित्र: आदामासाठी सफरचंद, नोहासाठी तारू, अब्राहामासाठी तारे, रूथसाठी धान्याची पेंढी. चित्र लावायच्या आधी गोष्ट वाचायची, एवढीच अट.

११. यशया ७:१४ मध्ये 'कुमारी' आहे की 'तरुणी'? मित्र म्हणतो चुकीचं भाषांतर आहे.

मित्र अर्ध बरोबर सांगतोय. हिब्रूतला शब्द 'अल्मा', म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण मुलगी. ख्रिस्तापूर्वीच यहुद्यांनी बायबलचं ग्रीक भाषांतर केलं त्यात तिथं 'पार्थेनोस' आलं, म्हणजे कुमारी, आणि मत्तय १:२३ मध्ये तेच वापरलंय. म्हणजे हा शब्द ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसवला असं नाही.

पण त्या वादात मूळ प्रसंग हरवतो. ख्रिस्तपूर्व ७३५ च्या सुमारास अराम आणि उत्तरेकडचं इस्राएल यरुशलेमवर चालून येतायत, आहाज राजा घाबरलाय, वाऱ्यानं रानातली झाडं हलावीत तसं त्याचं आणि लोकांचं काळीज हलतंय असं ७:२ म्हणतं. यशया त्याला म्हणतो चिन्ह माग, तर तो म्हणतो मी देवाची परीक्षा बघणार नाही. ऐकायला किती धार्मिक. खरं तर त्याला विश्वास ठेवायचा नव्हता, बाहेरून मदत मागवायची होती. तरी देव चिन्ह देतो: एक बाळ, नाव इम्मानुएल, आम्हांबरोबर देव. त्या काळात त्या राजाला ते काही सांगत होतं आणि मत्तयानं त्याची पूर्णता मरियेत पाहिली, दोन्ही खरं. आगमनकाळात मी या अध्यायावर आले की स्वतःला विचारते, मी कुठल्या धार्मिक वाक्याआड लपून देवाला नाही म्हणतेय.

१२. १७ डिसेंबरनंतर वेगळं काय असतं?

१७ पासून वाचनं तारखेला बांधलेली असतात, वार कुठलाही असो, फक्त मध्ये रविवार आला तर रविवारची वाचनं. शुभवर्तमान असं: १७ ला मत्तय १:१-१७, १८ ला योसेफाचं स्वप्न, मत्तय १:१८-२४. मग लूकचा पहिला अध्याय तुकड्यातुकड्यानं: १९ ला योहानाचा बाप जखऱ्या मंदिरात मुका होतो, २० ला गब्रीएल मरियेकडे, २१ ला मरिया अलीशिबेकडे, २२ ला मरियेचं स्तोत्र, २३ ला योहानाचा जन्म, २४ ला सकाळी जखऱ्याची जीभ सुटल्यावरचं गाणं. बाकी काहीच जमलं नाही तरी हे आठ दिवस करा. रोज दहा मिनिटं.

शिवाय १७ ते २३ संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी ख्रिस्ताला रोज एका नावानं हाक मारतात: हे प्रज्ञे, हे प्रभू, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. सगळ्यांची मुळं मुख्यतः यशयात. लॅटिन नावांची पहिली अक्षरं उलटी वाचली तर 'एरो क्रास' होतं, उद्या मी असेन. जेवणाआधी ती एक हाक म्हणायला अर्धं मिनिट लागतं.

१३. मत्तयाची वंशावळ नुसती नावं आहेत, वगळली तर चालेल?

वगळू नका. आपल्याकडे लग्न ठरवताना कूळ विचारतात, घराण्यात काही 'तसलं' असेल तर लपवतात. मत्तयानं लपवलं नाही. चौदा चौदा पिढ्यांचे तीन गट, सगळे बापांची नावं, आणि मध्येच चार बायका: तामार, जिनं सासऱ्याकडून न्याय मिळवला तो कसा हे उत्पत्ती ३८ मध्ये वाचा, राहाब जी यरीहोतली वेश्या, रूथ जी परक्या मवाब देशची विधवा सून, आणि 'उरीयाची बायको', जिचं नावही न घेता दाविदाचं पाप उघडं ठेवलंय. पाचवी मरिया. येशू अशा घराण्यात आला. एकदा वर्गात हे मोठ्यानं वाचलं तेव्हा एक बाई, चाळिशीच्या, नंतर थांबून म्हणाल्या की आमच्या घरात माझ्या आत्याचं नाव कोणी काढत नाही, आज घरी जाऊन मी काढणार आहे. नावं मोठ्यानं वाचा, अडखळलात तरी.

१४. पत्रकावर दिलेलं वचन माझ्या बायबलात जुळत नाही, आणि बारूख तर सापडतच नाही!

बारूख कॅथलिक बायबलात आहे, ६६ पुस्तकांच्या पवित्र शास्त्रात नाही (प्रश्न ८). लूकच्या वर्षी दुसऱ्या रविवारी बारूख ५:१-९ येतं, तुमच्याकडे नसेल तर यशया ४०:१-११ वाचा, विषय जवळजवळ तोच, डोंगर खाली आणि दऱ्या वर. क्रमांकाचं म्हणाल तर काही पुस्तकं हिब्रू क्रम धरतात, त्यामुळे बेथलेहेमचं वचन कुठं मीखा ५:१ तर आपल्या पवित्र शास्त्रात ५:२, आणि अंधारातल्या प्रकाशाचं वचन कुठं यशया ९:१ तर कुठं ९:२. एक वचन मागंपुढं बघा, सापडतं.

१५. उपास करायचा का? ऑफिसातली मल्याळी मैत्रीण १ डिसेंबरपासून मासेमटण बंद करते.

तिचं चर्च पौर्वात्य परंपरेचं असणार, केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांत नाताळाआधी २५ दिवसांचा नोंबू असतो. आपल्या लॅटिन पद्धतीत आगमनकाळाचा सक्तीचा उपास नाही, लेंटसारखा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळासारखा तर नाहीच, लेंटमध्ये बंद असलेला आलेलुया आगमनकाळात चालू राहतो यावरूनच कळतं. स्वखुशीनं करायचा तर जरूर करा, मी बुधवारी रात्रीचं जेवण हलकं ठेवते आणि तो वेळ वाचनाला देते. नुसतं पोट रिकामं ठेवून रात्री सिरीयल बघण्यात अर्थ नाही.

१६. अ‍ॅडव्हेंट रीथ, म्हणजे मेणबत्त्यांचं कडं, घरी लावायचा आहे. मेणबत्तीसोबत काय वाचायचं?

चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त, जांभळ्या तीन आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार, फिलिप्पै ४:४ वरून. ही प्रथा जर्मनीतली, १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये विखेर्न नावाच्या प्रोटेस्टंट पाळकांनी अनाथ मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या तिथून पसरली. वाचायला प्रश्न ४ मधला त्या आठवड्याचा उतारा पुरे. जांभळ्या नाही मिळाल्या तर साध्या पांढऱ्या चालतात, आमच्याकडे स्टीलच्या ताटात तांदूळ पसरून त्यात रोवतो, ओट्यावर पंख्याचा वारा लागत नाही त्या कोपऱ्यात. लावण्याचा मान सगळ्यात लहान मुलाला, आणि दिवा लागला की ट्यूबलाइट बंद.

१७. ऑफिसची ख्रिसमस पार्टी १२ तारखेला, बिल्डिंगमध्ये तारा १ तारखेलाच. यानं आगमनकाळ मोडतो का?

नाही. पार्टीला जा, केक खा, लोकांवर नाराज होऊन बसू नका. ताराही लावा, तो वाट दाखवण्यासाठीच असतो. गोठा हळूहळू मांडा: आधी गवत आणि जनावरं, मग मेंढपाळ, मरिया-योसेफ घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढं सरकवा, मुलांना हे फार आवडतं. गव्हाण मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. येताजाता ती रिकामी गव्हाण दिसते ना, ते एक वाचनच आहे.

१८. कन्फेशनची (फादरांपुढं पापं कबूल करण्याची) तयारी बायबलवरून कशी करायची?

लूक ३:१०-१४ घेऊन बसा. लोक योहानाला तीनदा विचारतात, आम्ही काय करावं? गर्दीला तो सांगतो दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांना सांगतो ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो कोणाला दमदाटी करून लुबाडू नका, पगारात समाधान माना. नोकरी सोडा असं तो कोणालाच सांगत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या त्याच्या कामाच्या जागीच बोट ठेवतो. मग आपलं: कामवाल्या ताईंची नाताळची सुट्टी पगारातून कापली का, बिलात काही फिरवलं का, कपाटात वापरात नसलेलं किती पडून आहे. कन्फेशनला दुसऱ्या आठवड्यातच जा, शेवटी रांगा लागतात आणि फादर दमलेले असतात. प्रोटेस्टंट घरात कन्फेशनची अशी पद्धत नसते, तरी याच उताऱ्यावर देवापुढं बसता येतं, माझी आई बसायची.

१९. मध्ये आठ दिवस बुडाले. आता मागचं सगळं भरून काढू?

नको. आजचं वाचा. मागचं भरून काढायला गेलात तर तो अभ्यास होतो, आणि उद्या पुन्हा राहिलं की हातातून सुटतं.

२०. यंदा घरात माणूस गेलंय. आनंदाचं काही वाचवत नाही. काय करू?

आनंदाचं वाचूच नका. माझे सासरे नोव्हेंबरात गेले, त्या वर्षी आम्ही तारा लावला नाही, फराळ केला नाही. सासूबाईंनी यशया ४० उघडलं, 'सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा', एवढं वाचून चष्मा तसाच पानात ठेवून पुस्तक मिटलं. पंधरा दिवस चष्मा तिथंच होता, रोज त्याच पानावर पुस्तक उघडायचं. त्यांच्याकडून मी शिकले ते असं की आगमनकाळ मुळात ज्यांचं काही अजून आलेलं नाही त्यांचाच असतो. स्तोत्र १३० वाचा, खोल गर्तेतून हाक मारणारं, पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्याचं. पहिल्या आठवड्याच्या बुधवारी मिस्सात यशया २५:६-१० असतं, देव सगळ्यांच्या चेहऱ्यावरचे अश्रू पुसेल ते, आणि हाच भाग अंत्यविधीच्या मिस्सातही पुष्कळदा वाचतात, तुम्ही महिन्याभरापूर्वी ऐकलाही असेल. वाचवत नसेल तर कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा. आणि शेजारी असं घर असेल तर फराळाच्या ताटाबरोबर पाच मिनिटं बसून हे वाचून या.

२१. ८ डिसेंबर रविवारी आला किंवा चौथा रविवार २४ तारखेलाच आला तर?

८ डिसेंबर, मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण, रविवारी आला तर सहसा दुसऱ्या दिवशी जातो, २०२४ मध्ये ९ ला गेला होता. चौथा रविवार २४ ला आला, जसा २०२३ मध्ये आला आणि २०२८ मध्ये येणार आहे, तर सकाळी आगमनकाळाची मिस्सा आणि रात्री नाताळची, कॅथलिकांसाठी या दोन वेगळ्या, एकात दोन्ही भागत नाहीत. अशा वर्षी चौथा आठवडा जेमतेम काही तासांचा असतो, त्यामुळे प्रश्न १२ मधला क्रम १७ पासून नीट धरा.

२२. नवरा ख्रिस्ती नाही. वाचनात त्याला बसवू का?

बोलवा, ओढू नका. त्याला यशया ११ किंवा मरियेचं स्तोत्र, लूक १:४६-५५, मोठ्यानं वाचायला द्या, भुकेल्यांना तृप्त केलं आणि सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढलं हे कोणालाही कळतं. सासूबाई पूजा करत असतील तर त्यांची वेळ सोडून आपली वेळ ठेवा.

२३. मी नर्स आहे, २४ ला नाइट ड्युटी. चार आठवडे तयारी करून नाताळच्या मिस्सालाच नाही, याचं फार वाईट वाटतं.

लूक २:८ मध्ये मेंढपाळ काय करत होते बघा, रात्री आपल्या कळपाची राखण. ड्युटीवर होते. नाताळच्या मिस्सा एक नाही, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा तीन वेगळ्या असतात आणि तिन्हींची वाचनं वेगळी. रात्रीच्या मिस्साचं शुभवर्तमान लूक २:१-१४, ते वॉर्डात थोडं शांत झालं की फोनवर वाचा. आणि पहाटेच्या मिस्साला लूक २:१५-२० असतं, रात्रपाळी संपवून मेंढपाळ बेथलेहेमला जातात ते. ड्युटी सुटली की युनिफॉर्मवरच सकाळच्या पहिल्या मिस्साला जा, आणि पहाटेची कुठल्या चर्चमध्ये किती वाजता आहे ते आठवडाभर आधीच विचारून ठेवा.